जाळीचे दुसरे टोक

मायाप्पाची चौकशी शनिवारी ठेवली आहे, हे मला मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कळले. सांगायला तो स्वतःच आला. भाकरीचे फडके न सोडता तसेच मांडीवर ठेवून म्हणाला,

"अण्णा, त्या कपाटानं माजं नाव सांगितलं म्हनं."

कपाट म्हणजे कॉम्प्युटर. १९७८ च्या फेब्रुवारीत एका संशोधन संस्थेने तो आमच्या गिरणीत सहा महिन्यांसाठी आणून ठेवला होता. विणकाम खात्याला लागून एक जुनी कोठी होती. तिला रंग दिला, खिडक्या बुजवल्या, थंड हवेचे यंत्र बसवले आणि आत ते कपाट उभे केले. त्याचे काम फक्त बघण्याचे होते. सायझिंग खात्यात ठिकठिकाणी किती उष्णता आहे, हे दर पाच मिनिटांनी बघायचे आणि शेजारच्या टाइपरायटरसारख्या यंत्रावर एक ओळ छापायची.

सायझिंग म्हणजे सुताला खळ देणे. ताण्याचे सूत उकळत्या खळीच्या टाकीतून जाते, मग वाफेच्या पिंपांवर वाळते. खळ नव्वदच्या वर, ब्याण्णवच्या आसपास तापलेली लागते. ती निवली तर सुतावर गुठळ्या धरतात आणि पुढे मागावर धागे तटातटा तुटतात. वाफेची चावी कमी-जास्त करून ती उष्णता राखणे हे सायझरचे काम. पहिल्या मशीनवर पाळ्यांप्रमाणे तीन सायझर होते, त्यांतला एक मायाप्पा, दुसरा नागप्पा. अकरा वर्षे बदली कामगार म्हणून काढल्यावर त्याला ही जागा मिळाली होती. चौकशीत दोष ठरला तर पुन्हा बदली. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभे राहायचे आणि कोणी आले नसेल तरच आत जायचे.

"नाव कसं सांगेल? ते आकडे सांगतं," मी म्हणालो.

"आकडं माज्याच पाळीत नाचत्यात म्हनं. बाकीच्यांच्या पाळीत गप बसत्यात. अण्णा, म्या चावीवरचा हात काढत न्हाय. तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होते. पण मला ठाऊक असण्याला गिरणीत फारशी किंमत नव्हती. मी इलेक्ट्रिक खात्यात मीटर दुरुस्त करणारा माणूस. वय छप्पन्न. खात्यात मला सगळे अण्णा म्हणत आणि पाठीमागे पुस्तक म्हणत, कारण जेवणाच्या सुट्टीत मी वाचत बसायचो. साहेबाने काही विचारले की मला उत्तर येत असे, पण ते तोंडातून बाहेर येईपर्यंत साहेब पुढे गेलेला असे.

कॉम्प्युटरच्या तारा मीच ओढल्या होत्या.

ते काम माझ्याकडे आले, कारण बरोबर आलेले इंग्रजी पुस्तक वाचायला दुसरे कोणी तयार नव्हते. खळीच्या टाकीत एक नळी बुडवायची. तिच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. टोक तापले की त्यांत वीज तयार होते, पण इतकी क्षीण की दिव्याला तिची गंधवार्ताही लागणार नाही. ती क्षीण वीज सत्तर-ऐंशी यार्ड लांब कॉम्प्युटरच्या बोर्डापर्यंत न्यायची. वाटेत मोटरी, पंखे, वेल्डिंग, नाना भानगडी. म्हणून त्या दोन तारांभोवती तांब्याची बारीक विणलेली जाळी असते. बाहेरची वीज जाळीवर यावी आणि जमिनीत जावी, आतल्या तारांना धक्का लागू नये, एवढ्यासाठी.

पुस्तकात चित्र होते. जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडलेली. दुसरे टोक नुसते सोडलेले. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: फक्त एकाच टोकाला.

मी ते तीनदा वाचले. आणि दोन्ही टोकांना जोडले.

का, ते सांगतो. आमच्या धंद्यात पहिला धडा अर्थिंगचा. प्रत्येक मोटरीच्या, प्रत्येक यंत्राच्या सांगाड्याला जमिनीशी जोडणाऱ्या दोन पट्ट्या हव्यात, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. सरकारी तपासनीस येतो तो आधी तेच बघतो. पट्ट्या जातात खड्ड्यात. खड्ड्यात कोळसा, मीठ आणि वर पाणी. आपली जमीन मुरमाड. उन्हाळ्यात ती इतकी कोरडी होते की वीज घ्यायला तयार नसते. मला वाटले, पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात जमीन बारा महिने ओली असेल. त्याला एक टोक पुरत असेल. इथे एकाने भागेल असा भरवसा मला वाटेना. बसवराज साहेबांना विचारावे असे मनात आले होते. बसवराज म्हणजे संस्थेने कॉम्प्युटरबरोबर पाठवलेले इंजिनिअर, धारवाडकडचे, तिशीचे, सभ्य गृहस्थ. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलोही. ते कामात होते. मी परत आलो आणि टाकीकडचे टोक मशीनच्या सांगाड्याला, दुसरे टोक कॉम्प्युटरच्या सांगाड्याला जोडून टाकले. मशीनचा खड्डा जुना, सायझिंगच्या भिंतीलगत. कॉम्प्युटरचा खड्डा नवा, विणकाम खात्याच्या मागे. दोन टोके, दोन खड्डे. मनाला बरे वाटले.

मंगळवारी मायाप्पा गेल्यावर हे सगळे मला आठवले आणि जेवण गेले नाही.

बुधवारी मी काचेचा थर्मामीटर घेऊन त्याच्या पाळीत टाकीपाशी गेलो. अर्धा तास उभा राहिलो. पारा ब्याण्णववरून हलला नाही. मायाप्पाने लाकडी पळी खळीत बुडवून वर धरली, धार बघितली आणि म्हणाला, "मला काच लागत न्हाय. धार तुटली की समजायचं निवली." तिथून मी कोठीत गेलो. छापलेला कागद जमिनीपर्यंत लोंबत होता. त्याच अर्ध्या तासाचे आकडे होते: ब्याण्णव, अठ्ठ्याहत्तर, शहाण्णव, त्र्याऐंशी.

"साहेब, मी आत्ता मोजून आलो. ब्याण्णव आहे."

बसवराज साहेबांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे जागरणाने लाल होते. "अण्णा, तुम्ही थर्मामीटर घेऊन उभं राहिलात तर कोणताही माणूस चावी नीट धरेल की."

"पण आकडा तर तेव्हाही नाचला."

"थर्मामीटर कितव्या मिनिटाला बघितलात? यंत्र आपल्या वेळेला बघतं." मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "हे बघा, मलाही आवडत नाही हे. पण तार तीच, बोर्ड तेच. नागप्पाच्या पाळीत आकडे सरळ. मायाप्पाच्या पाळीत वाकडे. गेल्या आठवड्यात त्याची तिसरी पाळी होती, तर तिसऱ्या पाळीत वाकडे. ह्या आठवड्यात पहिली आहे, तर पहिलीत. तार बिघडली असती तर सगळ्यांनाच बिघडली असती ना? तार माणूस ओळखते काय?"

तिथेच जाळीबद्दल सांगायला हवे होते. पण त्यांचे म्हणणे मलाच पटले. माझी चूक असेल तर ती नागप्पाच्या पाळीतही चूकच राहील. मी कागदाची घडी घालून दिली आणि निघालो.

बाहेर सायझिंग मास्तर वीरभद्रप्पा भेटले. कपाळावर विभूती, हातात हजेरीचे पुस्तक. "काय ओ अण्णा, वकिली घेतली काय मायाप्पाची?"

"नाही मास्तर. नुसतं बघत होतो."

"बघा, बघा. वरून रोज विचारतात, एवढा कॉम्प्युटर आणला, काय सापडलं? आता मी काय सांगू, कपाट सापडलं म्हणू?" ते हसले नाहीत. "माणूस वाईट नाही ओ. पण कागद आहे. कागदाला मी काय करू?"

दोन महिने झाले होते. काहीतरी सापडायला हवे होते आणि मायाप्पा सापडला होता.

गुरुवारी मी पहिल्या पाळीला, सातच्या भोंग्यालाच सायझिंगमध्ये जाऊन बसलो. आदल्या दिवशीच्या कागदावरून एक गोष्ट लक्षात आली होती. आकडे पाळी सुरू झाल्या झाल्या नाचत नव्हते. सव्वासातपर्यंत शहाण्यासारखे असत आणि मग बिघडत. सात ते सव्वासात ह्या वेळात मायाप्पा काय करतो, ते मला बघायचे होते.

त्याने चप्पल काढून खुंटीखाली ठेवली. मशीनला हात लावून तो कपाळाला लावला. वाफेची चावी बघितली, पळीने खळीची धार बघितली. मग नळावर बादली भरली, कोपऱ्यातल्या डब्यातून मूठभर खडे मीठ तिच्यात टाकले, मागच्या दाराने बाहेर गेला आणि अर्थिंगच्या खड्ड्यात सगळी बादली ओतली. रिकामी बादली उपडी घातली आणि कामाला लागला. तेव्हा सात वाजून दहा मिनिटे झाली होती.

हे मी बारा वर्षे बघत आलो होतो. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू दिसत नाही, तसे झाले होते.

ज्ञानबा हा मायाप्पाचा थोरला भाऊ. सांगोल्याकडच्या कोरड्या गावात मेंढरे होती, ती दुष्काळात विकून दोघे भाऊ गिरणीत आले. १९६६ च्या मे महिन्यात ज्ञानबा ह्याच मशीनला चिकटून गेला. मोटरीतून वीज सांगाड्यावर उतरली होती. तेव्हा मशीनला पट्टी एकच होती आणि तिचा नट सुटलेला सापडला. हादऱ्याने सुटला, असे चौकशीत लिहिले गेले. मला कोणी काही बोलले नाही. त्या पट्टीचे काम आठवडाभर आधी मी केले होते. तो नट मी पुरता आवळला होता की हाताने फिरवून, पाना आणायला जाऊन, मध्येच कोणी हाक मारली म्हणून तसाच राहिला होता, हे मला आठवत नाही. तेव्हाही आठवले नाही. आजही आठवत नाही.

तेव्हापासून मी काहीही जोडले की दोनदा जोडतो. आणि मायाप्पा खड्ड्याला पाणी पाजतो. त्याला कोणीतरी सांगितले होते की खड्डा ओला असता तर त्याचा भाऊ कदाचित वाचला असता. पट्टीच सुटलेली असताना ते खरे नव्हते. मी कधी त्याला तसे सांगितले नाही.

"मायाप्पा," मी म्हणालो, "उद्या एक दिवस खड्ड्यात पाणी घालू नकोस. मला एक बघायचंय."

त्याचा चावीवरचा हात थांबला. "त्ये सोडून कायबी सांगा, अण्णा."

"एकच दिवस."

"ज्ञानबाबी एकाच दिवसात गेला की." त्याने आवाज चढवला नाही. "नोकरी जाऊ दे गेली तर. पानी चुकवनार न्हाय."

मग एकच मार्ग उरला. तीन वाजता पाळी बदलली. नागप्पा आला. साडेतीनला मी स्वतः नळावर गेलो आणि बादली भरून, मीठ टाकून, दोन्ही हातांनी ओढत खड्ड्याकडे नेली. अर्धे पाणी धोतरावर सांडले. नागप्पा आणि दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले.

"काय ओ अण्णा, झाड लावलं काय?"

"पुस्तक पेरलंय त्यांनी. पावसाळ्यात कॉम्प्युटर उगवंल."

मी दुसरी बादली आणली. मग कोठीत गेलो आणि टाइपरायटरसमोर उभा राहिलो. बसवराज साहेब काही लिहीत होते. पहिली ओळ ब्याण्णव. दुसरी एक्क्याण्णव. तिसरी ब्याण्णव. मला वाटले, बरे झाले, माझे काही नाही. चौथी ओळ चौऱ्याऐंशी. पाचवी सत्त्याण्णव. सहावी एकोणऐंशी.

साहेबांनी मान वर केली. "आता नागप्पाला काय झालं?" आणि त्यांनी वही ओढून नागप्पाचे नाव लिहिले.

मी सांगायला तोंड उघडले. "मी उद्या येतो," एवढेच म्हणालो.

घरी जाताना सगळे एकेक करून जुळत गेले. विणकाम खात्यात चारशे मोटरी. त्यांतली थोडीथोडी वीज जमिनीत गळतच असते. नवा खड्डा त्यांच्या शेजारी. ती वीज नव्या खड्ड्यातून माझ्या जाळीवर चढत होती. दुसऱ्या टोकाचा जुना खड्डा कोरडा असला तर तिला पुढे वाट नव्हती, ती पडून राहायची. मायाप्पाने पाणी घातले की वाट मोकळी. मग ती जाळीतून सत्तर यार्ड धावत ओल्या खड्ड्याकडे जायची आणि धावता धावता आतल्या क्षीण तारांना ढकलायची. पाळी संपेपर्यंत मुरूम पाणी पिऊन टाकायचा आणि वाट पुन्हा बंद. माझे दुसरे टोक नसते तर ही वाटच झाली नसती. तार माणूस ओळखत नव्हती. पाणी ओळखत होती.

गिरिजाबाईने, माझ्या बायकोने, ताट पुढे सरकवत विचारले, "काय झालं?"

"काही नाही. एक तार जास्त जोडली."

"मग काढा की."

तेवढे सोपे असते तर बरे. खरे म्हणजे तसे करता आले असते. शुक्रवारी गुपचूप ते टोक तोडले असते तर आकडे सरळ झाले असते आणि कोणाला पत्ता लागला नसता. पण मग सगळे म्हणाले असते, चौकशीला घाबरून मायाप्पा सुधारला. आधीचे कागद त्याच्या विरुद्ध तसेच राहिले असते. वर नागप्पाचेही नाव वहीत. मी जेवून लवकर पडलो. थकवा असा होता की विचारही करवेना, आणि झोपही नाही.

शुक्रवारी सकाळी मी ते इंग्रजी पुस्तक घेऊन बसवराज साहेबांपुढे ठेवले आणि चित्रावर बोट ठेवले.

"साहेब, मी हे वाचलं होतं. तरी दोन्हीकडे जोडलंय."

ते चित्राकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. मग मी पाण्याचे सांगितले. ते कपाटाच्या मागे गेले, टॉर्च मारून जाळीचे टोक बघितले आणि तिथेच जमिनीवर बसले. "अय्यो," ते म्हणाले. "मी एकदाही इकडे वाकून बघितलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "दोन महिन्यांचे कागद गेले, अण्णा."

"हो."

"विचारायचं तरी."

"दोनदा आलो होतो. तुम्ही कामात होता."

त्यांनी वीरभद्रप्पांना बोलावून घेतले. मास्तरांनी सगळे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "म्हणजे पुस्तक वाचणाऱ्या माणसानं पुस्तक मानलं नाही, आणि खळ ढवळणारा माणूस शनिवारी माझ्यासमोर उभा राहणार होता?" मी मान खाली घातली. "लिहून द्या," ते म्हणाले. मी तिथेच उभ्याउभ्या लिहून दिले. अक्षर माझे चांगले आहे. त्या दिवशी लहान मुलासारखे आले.

टोक मास्तरांसमोर, मायाप्पासमोर तोडायचे ठरले. मायाप्पाला बोलावले तर तो आधी मशीन सोडायला तयार होईना. मीच त्याच्याकडे गेलो.

"अर्थिंग तोडताय?" त्याचा चेहरा उतरला.

"ह्या मशीनचं नाही. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या जाळीचं एक टोक. ही बघ, तुझ्या मशीनच्या पट्ट्या दोन, ह्या इथेच राहणार. हात लावून बघ."

तो वाकला. एकेक नट चिमटीत धरून त्याने हलवून बघितला. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो होतो. मशीनचा आवाज इतका होता की आम्हा दोघांशिवाय कोणाला ऐकू गेले नसते. बारा वर्षांत तशी वेळ अनेकदा आली होती.

"ज्ञानबाच्या वेळचा नट मी आवळला होता की नाही, मला आठवत नाही," मी म्हणालो.

मायाप्पाने शेवटचा नट पुन्हा चिमटीत धरून बघितला. मग म्हणाला, "तुमी दर सोमवारी हितं येऊन नट हलवून बगता. बारा वर्सं. म्या बगतोय की."

माफ केले असेही म्हणाला नाही आणि तुम्हीच मारले असेही नाही. फडक्याला हात पुसून, चावी मदतनिसाकडे देऊन तो उठला आणि माझ्या पुढे चालू लागला.

कोठीत मी पक्कड हातात घेतली. अर्थिंगची तार मी आयुष्यात कधी तोडली नव्हती. जाळीचे टोक जेमतेम करंगळीएवढे जाड, पण पक्कड दाबेना. बसवराज साहेबांनी हात पुढे केला. मी नको म्हणालो. दुसऱ्या खेपेला ते तुटले. मी त्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

"आता पाणी घाल," मास्तर मायाप्पाला म्हणाले.

"सकाळी घातलंय की."

"अजून घाल ओ, आमच्यासमोर."

तो गेला, चार बादल्या ओतून आला आणि दारात पाय पुसून आत उभा राहिला. आम्ही चौघे त्या थंड खोलीत पाऊण तास उभे होतो. टाइपरायटर दर पाच मिनिटांनी खडखडायचा. ब्याण्णव. ब्याण्णव. एक्क्याण्णव. ब्याण्णव. मास्तरांनी नऊ ओळी मोजल्या. मग त्यांनी हजेरीच्या पुस्तकातून चौकशीचा कागद काढला, उभा-आडवा फाडला आणि तुकडे खिशात घातले.

"अण्णा," मायाप्पाने विचारले, "म्हंजे माज्या पान्यानं झालं ह्ये समदं?"

"नाही. पाणी बरोबर होतं. तार माझी चुकीची होती."

"मग घालत ऱ्हाऊ?"

"घाल."

शनिवारी चौकशी झाली नाही. माझ्या नावाने मेमो निघाला. मीटरचे काम दुसऱ्याकडे दिले आणि मला पंखे नि दिवे बघायला लावले. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते. पुढची दोन वर्षे, निवृत्तीपर्यंत, मी शिडी घेऊन खात्याखात्यांतून फिरत होतो. गुडघे दुखत. कोणी पुस्तक म्हणेनासे झाले, कारण सुट्टीत मी वाचायचे सोडून पडून राहायचो.

सोमवारी मी नट बघायला गेलो, तेव्हा मायाप्पाची दुसरी पाळी होती. तो बादली भरत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मीठ सपत आलंय. तुमी गुरवारी लई वतलं."

संध्याकाळी भवानी पेठेत शरणम्माच्या दुकानातून मी दोन किलो खडे मीठ घेतले. तिने पुडा बांधता बांधता विचारले, "ह्या वर्षी लोणचं लवकर की ओ? कैऱ्या तर अजून बारीक आहेत."

मी हो म्हणालो. खरे सांगायला फार वेळ लागला असता.